भिंतीवरच्या सक्शनवर व्हॅक ड्रेसिंग: फोम फुगतोय

प्रश्न: मधुमेही पेशंटच्या पायाची जखम, डिब्राइडमेंट (मेलेलं मांस कापून काढणं) झालंय. व्हॅक ड्रेसिंग केलंय, म्हणजे जखमेवर फोम ठेवून, वरून हवाबंद करून वॉर्डातल्या भिंतीच्या सक्शनने आतली हवा-पाणी ओढायचं. निर्जंतुक फोम, १६ नंबरची रायल्स ट्यूब (एरवी नाकातून पोटात घालतात ती नळी), वर पारदर्शक फिल्म, सक्शन १२५ मिमी पाऱ्यावर. तासाभरात फोम परत फुगतो. काय चुकतंय?

उत्तर १: आधी कान लावा. सूं आवाज आला तर गळती, आवाज नाही तर ट्यूब तुंबलीय. पायाला गळती बोटांच्या बेचक्यात नाहीतर ट्यूब बाहेर येते तिथे असते. कातडी पुसून पूर्ण कोरडी करा, फिल्म कडेपलीकडे ३ ते ५ सेंमी घ्या, बेचक्यात स्टोमा पेस्ट (कातडीवरच्या खाचा बुजवणारी पेस्ट) भरा. ट्यूबखालीही फिल्मची पट्टी लावा, वरची तिच्यावर चिमटीसारखी दाबा. फोम मनुक्यासारखा आकसून कडक लागला की सील बसलं.

उत्तर २: ट्यूबची सगळी भोकं फोमच्या आतच हवीत. रेग्युलेटरशिवाय (ओढीचा दाब ठरवणारी कळ) भिंतीचं सक्शन जोडूच नका, दाब फार वर जातो. पायाचा रक्तपुरवठा तपासलाय ना? उघडी रक्तवाहिनी, काळं मेलेलं मांस किंवा कॅन्सरची जखम असेल तर हे ड्रेसिंग नकोच. सक्शनच्या जारमध्ये लालभडक रक्त दिसलं तर सक्शन तत्काळ बंद, जखमेवर दाब, सर्जनला फोन.

उत्तर १: आणि सक्शन २ तासांहून जास्त बंद राहिलं तर फोम काढून साधं ड्रेसिंग करा. एरवी ४८ ते ७२ तासांनी बदला. फोमचे तुकडे किती घातले ते फिल्मवरच लिहा. आत राहिलेला एक तुकडासुद्धा जखम चिघळवतो.