ज्याचं नाव त्यानं सांगावं की इतरांनी ठेवावं?

रानवाट (धागाकर्ती)
उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ भागातल्या लोकांसाठी 'एस्किमो' हा शब्द अजून सर्रास छापला जातो. कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं: 'त्याचा अर्थ "कच्चं मांस खाणारे" असा नाहीच मुळी, मग अपमान कसला?' व्युत्पत्तीचा भाग खरा आहे. मूळ शब्द त्यांच्या शेजारच्या, कॅनडातल्या इन्नू नावाच्या वेगळ्या लोकांचा आणि त्याचा संबंध बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणं विणण्याशी, असं बऱ्याच भाषातज्ज्ञांचं मत आहे. पण तेवढ्यानं प्रश्न मिटत नाही. १९७७ साली अलास्कातल्या बॅरो गावी अलास्का, कॅनडा आणि ग्रीनलंडचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी स्वतःसाठी 'इनुइट' हे नाव मुक्रर केलं. त्यांच्या भाषेत अर्थ साधा: माणसं. ज्यांचं नाव त्यांनी स्वतः सांगितल्यावर आपण शब्दकोश उघडून त्यांच्याशी हुज्जत घालायची, हा मला उद्धटपणा वाटतो. नावाचं मूळ जरूर शोधावं, पण काय म्हणायचं ते मुळावरून ठरवू नये. ज्याचं नाव त्याला विचारावं.

तळटीप
साफ असहमत. कितीतरी देशांची नावं शेजाऱ्यांनीच दिलेली आहेत आणि त्यात काही बिघडलेलं नाही. जर्मनीचंच घ्या. ते स्वतः म्हणतात डॉइचलांड. 'डॉइच'च्या मुळाशी 'लोकांचं' असा अर्थ. फ्रेंचांची गाठ आलेमानी टोळ्यांशी पडली, म्हणून त्यांच्याकडे आलमान्य. फिन लोकांसाठी तो साक्सा, सॅक्सनांचा देश. पोलिश भाषेत न्येम्त्सी, आणि त्याचं मूळ 'मुका' या शब्दात: ज्याला आपली बोली येत नाही तो मुका. यावरून जर्मनांनी कोणाशी भांडण काढल्याचं ऐकिवात नाही. आपण तरी ग्रीकांना 'यवन' कुठून म्हणायला लागलो? आयोनियाच्या ग्रीकांचं नाव इराणच्या वाटेनं आलं आणि पुढे भलत्याच लोकांनाही चिकटलं. अशी नावं म्हणजे कोण कोणाला कुठे भेटलं याची नोंदवही आहे. सगळीकडे स्वनामाचा आग्रह धरला तर ती कोरी होईल.

रानवाट
जर्मनी इथे लागू पडत नाही. पोलिश शेजारी काहीही म्हणोत, जर्मन मुलाच्या शाळेत, नकाशावर, कोर्टाच्या कागदावर त्याचंच नाव राहिलं. युरोपच्या अगदी उत्तरेकडच्या सामी लोकांना बाहेरचे 'लॅप' म्हणत. नॉर्वेत त्यांच्या मुलांना शाळेत नॉर्वेजियनच शिकवायची, मातृभाषा बाजूला सारायची, हे सरकारी धोरण होतं. वेल्सचं तर अजून बोलकं. 'वेल्श' म्हणजे परके! हे नाव नंतर आलेल्या इंग्रजांनी आधीपासून राहणाऱ्यांना दिलं. ते स्वतःला 'कम्री' म्हणवतात, म्हणजे एका भूमीचे सोबती. नोंदवहीत लिहायचं कोणी आणि लेखणी कोणाच्या हातात होती, हे बघायला नको का?

वेलदोडा
'त्याला विचारावं' हे ऐकायला छान आहे. पण 'तो' कोण?

तुमच्या त्या बॅरो गावाचीच पुढची हकिगत सांगतो. ब्रिटिश नौदल खात्यातल्या जॉन बॅरो या अधिकाऱ्याचं नाव तिथल्या भूशिराला दिलं गेलं, तेच गावाला चिकटलं. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये गावानं मतदान घेऊन 'उत्कियाग्विक' हे इन्युपियाक (तिथल्या इनुइटांच्या भाषेतलं) नाव परत घेतलं. बाजूनं ३८१, विरोधात ३७५. सहा मतांचा फरक! एवढ्यावर थांबलं नाही. 'उत्कियाग्विक'चा संबंध कंदमुळं गोळा करण्याशी जोडतात. पण तिथल्याच एका स्थानिक कंपनीचं म्हणणं पडलं की खरं नाव 'उक्पियाग्विक', बर्फाळ घुबडांच्या शिकारीची जागा. प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही बाजूंना तिथलेच लोक.

आणि 'इनुइट' तरी सगळ्यांना कुठे चालतं? अलास्कातले युपिक स्वतःला इनुइट म्हणवत नाहीत. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या शिकारी लोकांसाठी 'बुशमन' नको म्हणून 'सान' घेतलं, तर 'सान' हेही शेजारच्या खोईखोईंनी दिलेलं. म्यानमारमध्ये १९८९ साली 'बर्मा' हे नाव बदललं ते लष्करी राजवटीनं, जनतेला न विचारता.

रानवाट
म्यानमारबद्दल पूर्ण मान्य. सत्तेवर बसलेला म्हणजे 'तो' नव्हे. पण उत्कियाग्विकचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सहा मतांनी का होईना, निकाल तिथे राहणाऱ्यांनी दिला. कंद की घुबड हा वाद त्यांच्या घरातला आहे. तो त्यांना घालू द्या. बॅरो हे नाव पडलं तेव्हा वाद घालायची सोयही नव्हती. युपिक वेगळे असतील तर त्यांना युपिक म्हणावं, त्यात अडचण काय?

तळटीप
अडचण अशी की भाषा बोलणाऱ्यालाही काही हक्क असतो. परक्या भाषेतले उच्चार माझ्या जिभेवर बसत नाहीत, तेव्हा मी माझ्या भाषेतलं रुळलेलं नाव वापरणार. नकाशाबद्दल मात्र तुमचं पटतं. १८७३ साली विल्यम गॉस या भूमापकानं ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड खडकाला हेन्री आयर्स या राजकारण्याचं नाव दिलं, तेव्हा तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक त्याला 'उलुरू' म्हणतच होते. १९९३ मध्ये दोन्ही नावं अधिकृत झाली, 'आयर्स रॉक' आधी. २००२ मध्ये क्रम फिरवून 'उलुरू' पुढे आणलं. ही रीत मला योग्य वाटते, कारण जुनं नाव पुसलं गेलं नाही.

वेलदोडा
दोन्ही नावं ठेवायची ही सोय डोंगराला चालेल. माणसांच्या समूहाला 'लॅप/सामी' असं लिहिलेलं चालेल का, तेवढं तळटीप यांनी सांगावं.