मदत हवी आहे: पुरवठादार पोर्टलवरील कमी नोंद आणि अडकलेले बिल

आम्ही सांगलीत हळद व मसाले तयार करतो. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. ज्या मोठ्या विक्री साखळीला माल देतो, तिच्या पोर्टलवर खरेदी आदेश, जीआरएन (माल मिळाल्याची खरेदीदाराची नोंद) आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. गोदामाने चलनावर सही-शिक्क्यासह पूर्ण मालाची पोच दिली असूनही जीआरएन उशिरा, तीही कमी नगांची निघते. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास माल स्वीकारला असे मानतात आणि करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मग पोर्टलवरील उशिराची नोंद लेखी हरकत ठरते का? थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करताना सही-शिक्क्याचे चलन पुरेसे ठरले का, हे अनुभवींनी कृपया सांगावे. व्यवहार तुटू नये, हीच मनापासून इच्छा आहे.