मदत हवी आहे: 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा १९९० चा रिमेक दादाला पुन्हा कसा दाखवू?

मंडळी, नमस्कार. शेवट सांगितल्याशिवाय मला प्रश्न विचारताच येणार नाही. ज्यांना हे सिनेमे अजून पाहायचे आहेत त्यांनी कृपया इथेच थांबा.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. शाळेत असताना अमेरिकेतल्या आतेभावाने जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या मूळ कृष्णधवल सिनेमाची कॅसेट आणली होती. मुडदे उठून जिवंत माणसांना खायला येतात आणि काहीजण एका घरात अडकतात, अशी त्याची गोष्ट. काकांचा व्हीसीआर तिकडच्या कॅसेटीही चालवायचा. त्या सुट्टीत मी आणि दादाने तो सिनेमा किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. दादाचा जीव बेनवर. ड्वेन जोन्सने केलेला हा कृष्णवर्णीय नायक रात्रभर घर लढवतो, एकटा जगतो, आणि सकाळी सुटका करायला आलेल्यांपैकीच एकजण त्याला मुडदा समजून गोळी घालतो. मग ती खरखरीत स्थिरचित्रं आणि चिता. दादा त्यानंतर जेवायला बसला तरी बोलायचा नाही.

पुढे एका व्हिडिओ लायब्ररीत रिमेक मिळाला. रंगीत, आणि दिग्दर्शक टॉम सॅविनी. रोमेरोच्या पुढच्या दोन झॉम्बीपटांचे मेकअप याच माणसाचे, त्यामुळे आमच्या अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. दिसलं मात्र बेताचंच. (सेन्सॉरसारख्या वयाच्या रेटिंगसाठी काही हिंसक दृश्यं कापावी लागली होती हे नंतर वाचलं.) नायिका बार्बरा बूट चढवून बंदूक उचलते तिथे दादाने कॅसेट थांबवली. "ही आपली बार्बरा नाही," म्हणाला. मीही मान डोलावली. शेवट आम्ही पाहिलाच नाही, आणि पुढे इतकी वर्षं मी हा सिनेमा टाकाऊ आहे असं लोकांना सांगत राहिले.

गेल्या महिन्यात लेकीने डिस्क आणली आणि आम्ही दोघींनी तो पूर्ण पाहिला. रविवारचे पोहे समोर गार झाले.

मूळ सिनेमात भाऊ मेल्यावर बार्बरा जवळजवळ शेवटपर्यंत सोफ्यावर सुन्न बसून असते. इथे ती आधी तशीच कोसळते, पण मग खिडकीबाहेर बघते आणि म्हणते की हे किती हळू चालतात, आपण यांच्या बाजूने सरळ निघून जाऊ शकतो. कोणी ऐकत नाही. बेनला वरती फळ्या ठोकायच्या आहेत, घरात अडकलेल्या हॅरीला तळघरात दडायचंय, दोघांची नुसती आरडाओरड. त्या घरात मुडद्यांकडे नीट बघणारी ती एकटीच आहे! आणि शेवटी ती खरंच मुडद्यांमधून चालत बाहेर पडते. ही पटकथाही रोमेरोचीच आहे. म्हणजे 'आपली' बार्बरा ज्याने लिहिली त्यानेच बावीस वर्षांनी तिला उभं केलं. हे दादाला सांगायचं आहे.

आणि टोनी टॉडचा बेन! पळून जायच्या गाडीत पेट्रोल भरायचं असतं, पण पंपाची किल्ली सापडत नाही म्हणून घरातलं तरुण जोडपं, टॉम आणि जूडी, जीवानिशी जातात. जखमी बेन अखेर तळघरात उतरतो तर किल्ली तिथेच. तो हसायला लागतो. लेकीने तिथे सिनेमा थांबवला आणि आम्ही काही वेळ गप्प बसलो.

आता माझी अडचण. सकाळी बार्बरा परतते तेव्हा गावची माणसं मुडद्यांना झाडाला टांगून नेमबाजी करतायत. आपण आणि ते एकच, असं ती म्हणते. बेन बाहेर येतो तो मुडदा होऊनच, त्यामुळे त्याला लागलेल्या गोळीत अन्याय उरत नाही. मग माळ्यावर लपलेला हॅरी जिवंत समोर येतो आणि बार्बरा त्याला गोळी घालते. १९६८ च्या शेवटाने आम्हाला जे दिलं होतं ते इथे हरवलंय का? दादा नेमका इथे उठून जाईल अशी भीती वाटते. तुम्ही हा शेवट कसा लावता?

दुसरं असं की आमच्या डिस्कमध्ये सगळं निळसर आणि काळपट आहे. सुरुवातीचं स्मशान मला भर दिवसाचं आठवतंय. माझी आठवण चुकतेय का? आणि आधी मूळ सिनेमा दाखवून लगेच हा लावू, की नुसता हाच? दादा भाऊबीजेला येतोय.

प्रतिसाद १ (ग्वाल्हेर)
ताई, आठवण बरोबर आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ब्लू-रेत रंग मुद्दाम गडद आणि निळे केले होते, त्यावर चाहत्यांची बरीच नाराजी झाली. तुमची प्रत त्यावरूनच निघालेली दिसते. जुनी डीव्हीडी शोधा, स्मशानात ऊन दिसलं की प्रत बरोबर.

प्रतिसाद २ (बडोदे)
मूळ सिनेमा आधी मुळीच लावू नका. दादांना तो पाठ आहे, मनातल्या मनात ते प्रत्येक प्रसंग जुळवत बसतील. हॅरीबद्दल म्हणाल तर, गोळी घातल्यावर ती काय म्हणते ते ऐका: आगीसाठी आणखी एक. १९६८ मध्ये बेनला मारणारा आपला कोणी नव्हता, त्याच्यावर रागावणं सोपं होतं. इथे तेच काम जिच्या बाजूने आपण रात्रभर उभे होतो तिच्या हातून होतं. मला तरी अन्याय गेलेला वाटत नाही, तो जवळ आलाय.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. बडोदेकर, तुमचं वाचून शेवटची दहा मिनिटं पुन्हा पाहिली. गोळी झाडण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मूळ सिनेमा आधी लावणार नाही. जुनी डीव्हीडी भाचा पाठवतोय.

काल दादाला फोनवर नुसतं नाव सांगितलं. थोडा वेळ थांबून म्हणाला, "बार्बरा बूट घालते, तिथे बंद केला होता ना आपण?"