बंद पडलेला व्यायाम परत कसा सुरू झाला?

परभणी, शिक्षिका, वय ४७

व्यायाम सुरू करणं मला कधी अवघड गेलं नाही, चार वेळा केलाय. पहिल्यांदा नवे बूट आणले आणि पहिल्याच दिवशी कृषी विद्यापीठाच्या आवारात पाच किलोमीटर चालले. आठव्या दिवशी नडगी इतकी दुखली की जिना उतरवेना. दुसऱ्यांदा मे महिना आडवा आला, इथं सकाळी आठलाच ऊन चटकायला लागतं. तिसऱ्यांदा घरात लग्न निघालं. चौथ्यांदा फक्त दहा मिनिटं ठरवली, दूधवाला येऊन गेल्यावरची. दूध घ्यायचं, पातेलं झाकायचं, चपला घालून गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचं. पहिले दोन महिने एक मिनिटही वाढवलं नाही. आता चाळीस मिनिटं होतात, दोन वर्षं झाली.

किती किलो उतरले ते कृपा करून सांगू नका. ज्यांचे उतरत नाहीत ती माणसं मग गप्प बसतात. कधी बंद पडलं आणि परत कशानं सुरू झालं, तेवढं सांगा.

लातूर, गंजगोलाईत कापड दुकान

ताई, मी तर सुरूच करत नव्हतो. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बैठक. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणी) ८.९ टक्के निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पहाटे जमत नसेल तर राहू द्या, जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर पायाचे स्नायू कामाला लागले की रक्तातली साखर ते वापरतात, म्हणून ती वेळ.

गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. रात्री दुकानं बंद झाली की मधलं अंबाबाईचं देऊळ उजव्या हाताला ठेवून मी चालतो आणि एकेका रस्त्याचं तोंड मोजतो. सोळा झाले की एक फेरी. पहिल्या आठवड्यात एका फेरीत धाप लागायची, आता चार होतात. गोळ्या चालूच आहेत, त्या मनानं सोडू नयेत. पण साखर ७.२ वर आली.

बंद पडलं ते दिवाळीच्या गिऱ्हाइकीत, चांगले वीस दिवस. भाऊबीजेच्या रात्री बायकोच चप्पल घालून दारात उभी राहिली. "चला," म्हणाली. तेव्हापासून दोघं जातो.

गेवराई तालुका, बीड, शेती

शेतात राबणाऱ्या बाईला कशाला व्यायाम, असं सासूबाई म्हणायच्या. मलाही तेच वाटायचं. पण कापूस वेचताना दिवसभर वाकलेलं, कमरेला ओटीचं ओझं, संध्याकाळी डोक्यावर गाठोडं. कष्ट लई होतात, पण ताण त्याच त्या जागेवर येतो. कंबर धरली तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी तीन प्रकार दाखवले. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर उचलायची. पालथं झोपून छाती उचलायची. रांगायला बसून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट.

गोधडीवरच करते, उठायच्या आधी. एकदा उठलं की चूल, जनावरं, मग काही होत नाही. तिसऱ्यात माझा तोल जायचा. लेक पाठीवर पाण्याचा पेला ठेवायची, "आई, सांडलं बघ." वेचणीच्या दिवसांत चुकतंच, पण चार दिवस गेले की कंबरच आठवण करून देते.

छत्रपती संभाजीनगर, वाळूजला कंपनीत

जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरले, गेलो जेमतेम तीन आठवडे. माझी पाळी दर आठवड्याला बदलते, "रोज सकाळी सहा" मला जमणारच नव्हतं. मग व्यायाम घड्याळाऐवजी आंघोळीला बांधला. पाळी कुठलीही असो, आंघोळ होतेच. त्याआधी बैठका आणि जोर. जोर एकही निघत नव्हता, म्हणून आधी भिंतीला हात टेकून, मग पलंगाच्या कडेवर, चार महिन्यांनी जमिनीवर.

लंडनमधल्या संशोधकांचा ९६ जणांवरचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. २१ दिवसांत सवय लागते असं डोक्यात धरून मी दोनदा सोडून दिलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

नांदेड, वय २४

पोलीस भरतीसाठी दोन वर्षं धावलो. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. यादीत नाव लागलं नाही, त्याच दिवशी बूट पोत्यात टाकले. सात महिने काढलेच नाहीत. मग मित्राच्या धाकट्या भावाला भरतीच्या तयारीला सोबत पाहिजे होती. घड्याळ घरी ठेवलं आणि बोलता येईल एवढ्याच वेगानं धावलो. आता तो वेळ लावतो, मी नाही लावत.

धाराशिव, निवृत्त, वय ७१

अंगणात पडल्यावर कळलं की नुसतं चालणं पुरत नाही, पायात ताकद लागते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, खिडकीचा गज धरून एका पायावर उभं राहणं. कोजागरीला तुळजापूरला निम्मी वाट पायी गेलो, पुढं एसटीनं. देवळाच्या पायऱ्या मात्र कुणाचा हात न धरता उतरलो.

परभणी

गेवराईच्या ताई, तुमचा तिसरा प्रकार आज करून पाहिला. पाय उचलला की मी एका बाजूला कलते. किती वेळ धरायचा?

गेवराई

दहा आकडे म्हणेपर्यंत. मोठ्यानं म्हणा, म्हणजे श्वास कोंडत नाही.