मदत हवी आहे: आफ्टरमार्केट अलॉय चाकांना रबरी व्हॉल्व्ह बसवावेत की धातूचे?

नमस्कार. माझ्या हॅचबॅकच्या १५ इंची आफ्टरमार्केट (कंपनीची नव्हे, बाजारातून नंतर बसवलेल्या) अलॉय चाकांतील टीआर ४१३ प्रकारचे रबरी व्हॉल्व्ह बदलायचे आहेत. दोन चाकांतील हवा हळूहळू कमी होते. साबणाचे पाणी लावून पाहिले असता पंक्चर किंवा रिमच्या कडेची गळती आढळली नाही, व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवणारी पिन बदलूनही फरक पडला नाही. मात्र व्हॉल्व्हचा देठ (रिमबाहेर येणारी नळी) बाजूला वाकवताच बुडाशी बुडबुडे येतात आणि रबरावर भेगाही दिसतात.

रिममधील व्हॉल्व्हचे छिद्र ११.३ मिलिमीटरचे असून दाब ३३ पीएसआय ठेवतो. टायरमध्ये दाबमापक सेन्सर नाहीत. व्हॉल्व्हची जागा खोलगट असल्याने सध्याचा देठ जेमतेम बाहेर येतो आणि पंपावरील हवेच्या नळीचे तोंड त्यावर नीट बसत नाही. टायरवाल्याने थोडा लांब रबरी टीआर ४१४ किंवा नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह सुचवला आहे. धातूचा देठ वेगात झुकत नाही, हे मान्य आहे. परंतु गाडी ऐरोलीत खाडीलगत उघड्यावर उभी असते आणि दमट, खारट हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या देठात साधी पितळी पिन गंजून अडकू शकते, ही माझी खरी चिंता आहे. टायर रिमवरून पुन्हा पुन्हा सोडवावे लागू नयेत, म्हणून निवड एकदाच नीट करायची आहे.

अशा खोलगट जागेसाठी टीआर ४१४ पुरेसा ठरेल का, आणि धातूचाच घ्यायचा झाल्यास देठ पितळी असावा की निकेलचा मुलामा दिलेल्या पिनेसह अ‍ॅल्युमिनियमचा, तसेच नट बाहेरून आवळायचा की आतून?