मदत हवी आहे: समुद्रतळावरच्या 'गूढ' वस्तूंवर विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल (सोनार, ध्वनी, सेन्सर)

पैनगंगाकाठ (रिसोड तालुका, जि. वाशीम)

नमस्कार. जि. प. शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी तालुका विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरवतेय. मुलांनी मोबाईलवर समुद्राच्या तळाशी सापडलेल्या वस्तूंचे व्हिडिओ पाहिलेत. बाल्टिक समुद्रातली 'उडती तबकडी', सोन्याचं अंडं, पिवळ्या विटांचा रस्ता, गुगल अर्थवरचं अटलांटिस, आपल्या खंभातचं बुडालेलं शहर, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. याच कुतूहलावर मॉडेल करायचं आहे, पण अफवा वाढवायची नाही.

विचारायचंय ते असं. एचसी-एसआर ०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर (कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने अंतर मोजणारा) आणि आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) शाळेत आहे. तो सेन्सर पाण्याच्या टबात सोडून सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधण्याचं तंत्र, दाखवता येईल का? वरच्यांपैकी कशाचा उलगडा झालाय आणि कशाचा नाही? परीक्षकांनी खोदून विचारलं तर मुलांनी काय सांगावं? खर्च दीड हजारांच्या आत बसवायचा आहे. मंडपात लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे पॉवर बँकवर चालेल असं हवं.

सोल्डरवाला

मॅडम, टबाचा विचार सोडा. हा सेन्सर हवेसाठीच आहे. त्याच्या दोन डोळ्यांत पाणी शिरलं की तो गेला. वॉटरप्रूफ म्हणून जो एका डोळ्याचा सेन्सर मिळतो तो पाऊस-शिंतोडे सोसतो, पण पाण्याखाली त्याचं माप विश्वासाचं नसतं. शिवाय त्याला जवळचं साधारण २० सेंमीपर्यंतचं दिसतच नाही, म्हणजे टबात तो आंधळाच.

हवेतच समुद्र करा. एक मीटर लांब, ४० सेंमी रुंद ट्रे घ्या, काठ ७ सेंमीपेक्षा उंच नको. त्यात ५ सेंमी कोरडी, चाळलेली रेती. वर ४० सेंमी उंचीवर दोन लाकडी पट्ट्या आडव्या बसवा आणि त्यांच्यावरून सरकणाऱ्या फळीला सेन्सर तोंड खाली करून लावा. ही फळी म्हणजे तुमचं जहाज. पट्टीवर दर २ सेंमीला खूण करा. प्रत्येक खुणेवर पाच मापं घेऊन मधलं माप ठेवा, सरासरी नको. एखादं माप भलतंच आलं तर सरासरी बिघडते, मधल्या मापाला फरक पडत नाही. दोन मापांत ६० मिलिसेकंद थांबायचं, नाहीतर आधीच्या हाकेचा प्रतिध्वनी पुढच्या मापात मिसळतो.

जोडणी साधी आहे. व्हीसीसी (वीज घेणारी पिन) ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला, ट्रिगर पिन ९, एको पिन १०. ट्रिगरला १० मायक्रोसेकंदांचा पल्स द्या. एकोवर जितके मायक्रोसेकंद मिळतील त्यांना ०.०३४३ ने गुणून २ ने भागा, सेंमीत अंतर मिळतं. ठरलेल्या वेळेत प्रतिध्वनी आला नाही तर माप शून्य येतं. हे शून्य 'खोली शून्य' म्हणून आलेखात घालू नका, ती जागा कोरी सोडा. बरीच पोरं इथेच फसतात आणि सपाट रेतीत मधेच डोंगर उगवतो.

अशा ओळी ट्रेच्या रुंदीवर पाच काढा. काठापासून पहिली ओळ १२ सेंमी आत ठेवा. कारण या सेन्सरचा आवाज सुमारे १५ अंशांच्या शंकूत पसरतो. ४० सेंमी खाली त्या शंकूचा व्यास साडेदहा सेंमी होतो. काठ त्यात आला तर तळाऐवजी काठाचं माप मिळेल.

आणि खरी गंमत या शंकूतच आहे. रेतीत २ सेंमीचा खडा ठेवा. आलेखात तो दहाएक सेंमी रुंद, गोल, गुळगुळीत घुमट दिसेल. दोन खडे पाच सेंमीवर ठेवले तर दोन दिसणार नाहीत, एकच 'वस्तू' दिसेल. परीक्षकांना आधी आलेख दाखवा, मग ट्रेवरचं कापड काढा.

खोलपाणी

हायड्रोग्राफिक सर्व्हेच्या, म्हणजे समुद्रतळाच्या मोजणीच्या बाजूने भर घालतो. वरचं मॉडेल हे एकेरी एको साउंडरचं (सरळ खाली आवाज सोडून खोली मोजणाऱ्या यंत्राचं) झालं. बाल्टिक आणि खंभातची चित्रं मात्र साइड स्कॅन सोनारची आहेत आणि त्याचं तंत्र वेगळं आहे. जहाजामागे केबलने एक 'मासा', म्हणजे सोनारचं यंत्र, ओढतात. तो तळाच्या थोडा वर राहून दोन्ही बाजूंना तिरपा आवाज फेकतो. त्यातून उंची थेट मिळत नाही. परत आलेल्या आवाजाची तीव्रता मिळते आणि वस्तूमागे सावली पडते. ती सावली मोजून उंची काढतात.

हे टॉर्चने दाखवता येतं. मंडपात काळ्या कापडाखाली अंधार करा, टॉर्च २० सेंमी उंचीवर धरा. टॉर्चच्या बरोबर खालच्या बिंदूपासून सावलीच्या टोकापर्यंत ८० सेंमी आणि नुसती सावली २४ सेंमी भरली तर वस्तूची उंची २४ × २० ÷ ८० = ६ सेंमी. समरूप त्रिकोण, आठवीतल्या मुलांना समजावता येतील. आता टॉर्च १० सेंमीवर आणा. तीच वाटी, पण सावली दुपटीहून जास्त लांब. माशाची उंची न सांगता कोणी सावलीवरून 'भिंत', 'मनोरा' म्हणत असेल तर त्याला काही अर्थ नाही.

तीन बिघाड मुलांना जरूर सांगा. जहाज वळत असताना घेतलेलं चित्र ताणलं किंवा दाबलं जातं, लांबट खडक गोल दिसू शकतो. माशाच्या बरोबर खालची पट्टी चित्रात नीट येत नाही, तिथे सरळ कडा भासते, ती 'कोरलेली' नसते. आणि रंग उलटवले की उंचवटा खड्डा वाटतो. म्हणून नियम असा की एकाच जागेवरून निदान दोन दिशांनी जायचं. दोन्ही वेळा आकार टिकला तरच पुढे कॅमेरा किंवा पाणबुडा पाठवायचा.

बाल्टिकचं प्रकरण याच चाळणीत घाला. जून २०११ मध्ये ओशन-एक्स या स्वीडिश शोधपथकाला स्वीडन-फिनलंडच्या मधे, ८५ ते ९० मीटर खोलीवर सुमारे ६० मीटर व्यासाचा गोल आकार साइड स्कॅनमध्ये दिसला. जगभर फिरलं ते हेच चित्र. नंतर पाणबुड्यांनी वर आणलेल्या दगडांत ग्रॅनाइट, नाइस (पट्टेदार खडक), वालुकाश्म निघाले आणि एक सुटा बेसाल्टचा (ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा) तुकडा. बेसाल्टवरून पुन्हा आरडाओरडा झाला. पण बाल्टिकचं खोरं हिमनद्यांनी कोरलेलं आहे आणि हिमनद्या लांबलांबचे दगड वाहून आणून टाकतात. तबकडीला तिथे जागा उरत नाही.

गुगल अर्थचं अटलांटिस तर सगळ्यांत सोपं. २००९ मध्ये कॅनरी बेटांजवळ रस्त्यांसारखी जाळी दिसली. त्या रेषा म्हणजे सोनार घेऊन गेलेल्या जहाजांचे मार्ग. त्या मार्गांवर बारीक मापं होती आणि मधल्या जागेत उपग्रहावरून काढलेला ढोबळ अंदाज. दोन्ही एकत्र शिवले की शिवण दिसते. तुमच्या ट्रेच्या पाच ओळींमधली जागा अंदाजाने रंगवली तर अशीच जाळी तुम्हालाही मिळेल. करून बघा, प्रदर्शनात हीच सर्वांत बोलकी गोष्ट ठरेल. २०२४ च्या मध्यापर्यंत जगाच्या समुद्रतळाचा आधुनिक मापाने काढलेला नकाशा २६.१ टक्केच होता. बाकी सगळा असा शिवलेलाच.

वऱ्हाडी_जिनिंग

मॅडम, रेतीत एका जागी चांगला वीतभर रुंद, ४-५ सेंमी जाड सरकी काढलेला कापूस पसरून ठेवजा. आवाज त्यात मुरते. सेन्सर उड्या मारते नाहीतर शून्य दाखवते. पोट्ट्यांले म्हना, हा समुद्रातला मऊ गाळ. आपल्या इकडे कापसाले काय तोटा हाये!

सोल्डरवाला

बरोबर. आणि त्याच्या शेजारी एक फरशीचा तुकडा ४५ अंशांत तिरपा रोवा. तो टणक असूनही दिसणार नाही, कारण आवाज दुसरीकडेच उडतो. म्हणजे 'काही दिसलं नाही' याची दोन वेगळी कारणं एकाच ट्रेमध्ये दाखवता येतील.

तापमानाचं राहिलं. हवेत आवाजाचा वेग सुमारे ३३१ + ०.६ × तापमान इतका धरा. हिवाळ्यात सकाळी मंडपात १२ अंश आणि दुपारी ३० असेल तर वेग साधारण ३३८ वरून ३४९ मीटर प्रति सेकंदावर जातो. कोडमध्ये ३४३ च ठेवला तर ४० सेंमीवरची रेती सकाळपेक्षा दुपारी सव्वा सेंमी वर आल्यासारखी दिसेल. साधा थर्मामीटर टांगा आणि आकडा बदलत राहा.

खोलपाणी

समुद्रातही हेच दुखणं. तिथे वेग १५०० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास, पण तापमान, क्षार आणि दाब यांनी बदलतो. म्हणून सर्व्हेच्या आधी पाण्यात उपकरण सोडून खोलीगणिक वेग मोजतात. ते चुकलं तर सपाट तळाच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा वर किंवा खाली वाकलेल्या दिसतात.

काळा_पत्थर

आकार सुबक म्हणजे माणसाने घडवलेला, हा समज मोडायचा असेल तर समुद्रापर्यंत जायची गरज नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा बघा, बहुभुज कुणी आखत नाही. तापलेला खडक थंड होतानाही आकसून असाच फुटतो. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीकडे बेसाल्टचे स्तंभ आहेत, एकेक बाजू कापल्यासारखी. त्याचा फोटो 'पिवळ्या विटां'शेजारी लावा. २०२२ मध्ये हवाईच्या वायव्येकडे, लिलिउओकलानी या समुद्राखालच्या डोंगररांगेवर नॉटिलस जहाजाच्या कॅमेऱ्याला त्या दिसल्या होत्या. तो ज्वालामुखीच्या तुकड्यांपासून बनलेला खडक आहे. वारंवारच्या उद्रेकांत तापत-निवत गेल्याने त्याला काटकोनी भेगा पडल्या.

ग्रीसच्या झाकिंथोस बेटाजवळ पोहणाऱ्यांना दगडी खांबांच्या बैठका आणि फरसबंदी दिसली होती. २०१६ च्या अभ्यासात ते डोलोमाइटचे गोळे निघाले. तळातून झिरपणाऱ्या मिथेनवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गाळ सिमेंटसारखा घट्ट झालेला. भांडी, नाणी असं वस्तीचं काहीच नव्हतं. शहर शोधताना खांबापेक्षा खापर महत्त्वाचं.

खंभातबद्दल मुलांना जपून सांगा. २००१ मध्ये राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या साइड स्कॅन चित्रांत चौकोनी आकार दिसले आणि तळ खरवडून आणलेल्या लाकडाचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं निघालं. लाकडाचं वय हे लाकडाचंच वय असतं. त्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या आसपास जातो, प्रवाह जबरदस्त. खरवडून वर आलेली वस्तू मुळात त्या 'भिंती'जवळची होती की वाहत आलेली, हे सांगता येत नाही. पुरातत्त्ववाल्यांचा मुख्य आक्षेप हाच आहे आणि तो रास्त आहे.

सोन्याच्या अंड्यासाठी एक ओळ पुरे. ३० ऑगस्ट २०२३, अलास्काचं आखात, सव्वातीन किलोमीटर खोल, सुमारे १० सेंमी व्यास, खडकाला चिकटलेलं. सोनं फक्त रंगात, वस्तू जैविक.

खोलपाणी

जिवांचं निघालंच आहे तर दोन जुनी उदाहरणं घ्या, पोस्टरवर छान दिसतील. १९६४ मध्ये एल्टानिन जहाजाच्या कॅमेऱ्याने दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या केप हॉर्नच्या पश्चिमेला ३,९०४ मीटरवर आडव्या दांड्या असलेला अँटेनासारखा खांब टिपला. परग्रहवाल्यांनी तो उचलून धरला. प्रत्यक्षात ती एक मांसाहारी स्पंजाची जात, आधीच्या शतकातच नोंदलेली. दुसरं जपानच्या अमामी-ओशिमाजवळचं. १९९५ पासून पाणबुड्यांना वाळूत २ मीटर व्यासाची नक्षीदार वर्तुळं दिसत होती. २०११ मध्ये कारागीर सापडला, १२ सेंमीचा नर पफर मासा. मादीसाठी आठवडाभर पंखांनी वाळू उकरतो.

तुमसरकर

स्टॉलवर हातात घ्यायला काहीतरी हवं. मँगनीजचा दगड ठेवा, आमच्या भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीकडचा सहज मिळेल. समुद्रतळावर बटाट्याएवढे मँगनीजचे गोळे पसरलेले असतात, चॅलेंजर जहाजाच्या १८७२-७६ च्या मोहिमेत ते बऱ्याच महासागरांतून वर आले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २६ जानेवारी १९८१ ला गवेषणी जहाजावरून आपले पहिले गोळे काढले. आज मध्य हिंद महासागरात ७५,००० चौ. किमी क्षेत्र भारताकडे आहे.

यातलं कोडं व्हिडिओत कुणी सांगत नाही. गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. आजूबाजूचा गाळ हजार वर्षांतच काही मिलिमीटर साचतो. मग गोळे गाडले का गेले नाहीत, वरच कसे? तळावरचे प्राणी त्यांना ढकलतात, प्रवाह गाळ धुतात, अशी कारणं सुचवतात. एकमत नाही.

काळा_पत्थर

आणि 'उत्तर नाही' या रकान्यात हेही लिहा. जुलै २०२२ मध्ये अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांच्या उत्तरेला सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर ओकेआनोस एक्सप्लोरर जहाजाच्या कॅमेऱ्याला गाळात सरळ रेषेत भोकं दिसली, शेजारी उकरलेल्या गाळाच्या लहान ढिगल्या. त्याच भागात २००४ मध्येही तशी नोंद झाली होती. इथे सोनारचा खेळ नाही, स्वच्छ फोटो आहेत, तरी ती कुणी केली ते ठरलेलं नाही. परीक्षकांनी विचारलं तर मुलांनी बिनधास्त 'माहीत नाही' म्हणावं आणि काय केलं तर कळेल ते सांगावं: भोकाचा गाळ काढून त्यातला डीएनए तपासणं, कॅमेरा तिथेच ठेवून वाट पाहणं.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ट्रे, कापूस, टॉर्च हे पक्कं. पोस्टरवर तीन रकाने करते: फक्त आवाजाने दिसलं, फोटो मिळाला, नमुना हातात आला. एकच अडचण. आर्डुइनो पॉवर बँकेला लावला की अर्ध्या मिनिटात बंद पडतो. बँक फुल चार्ज आहे.

सोल्डरवाला

बँक खराब नाही. उनो आणि सेन्सर मिळून करंट इतका कमी घेतात की बँकेला वाटतं मोबाईल चार्ज झाला, आणि ती स्वतःच बंद होते. ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधे ४७ ओहमचा रेझिस्टर लावा, शंभरएक मिलिअँपिअर जादा जाईल आणि बहुतेक बँका चालू राहतील. अर्धा वॉटच्या वर उष्णता निघते, तेव्हा रेझिस्टर १ किंवा २ वॉटचाच घ्या, पाव वॉटचा जळेल. ब्रेडबोर्डच्या प्लास्टिकला टेकू देऊ नका, आणि मुलांचा हात लागणार नाही असा फळीच्या मागच्या बाजूला बसवा.