हाडात भरायच्या ‘स्कॅफोल्ड’ला मराठीत काय म्हणाल? आणि ते विरघळतं की जिरतं?

भिंगरी
नमस्कार मंडळी. माझा भाचा गेल्या पावसाळ्यात कात्रजच्या घाटात गाडीवरून पडला. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं आणि मधल्या तुकड्याचा चुरा झाला. सळई घातली, जखम भरली, पण पाच महिन्यांनी फोटो काढला तरी हाड धरलेलं नव्हतं. मी तो फोटो खिडकीशी धरून पाहिला. वरचं टोक, खालचं टोक आणि मधे बोटभर काळी फट. आता दुसरं ऑपरेशन ठरलंय. कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं आणि ते पुरणार नाही म्हणून सोबत कॅल्शियम फॉस्फेटचा स्कॅफोल्ड, म्हणजे ज्याच्या आधाराने नवं हाड आत वाढतं असा भोकाभोकांचा तुकडा.

संमतिपत्राच्या मराठी प्रतीत त्याला ‘जैवविघटनशील कृत्रिम सांगाडा’ असं छापलंय. ताईने ते वाचलं आणि ती तिथेच बाकावर बसून रडायला लागली. तिला वाटलं, पोराचं हाड गेलं आणि आता खोटा सांगाडा घालणार, तोही कुजणारा. अर्धा तास समजूत घालावी लागली. मला याचा फार त्रास झाला. सांगाडा म्हणजे आपल्याकडे मेलेल्याची हाडं. हा शब्द रुग्णाच्या आईपुढे ठेवूच नये.

स्कॅफोल्डला आपण बांधकामातलं ‘परांची’ घ्यायचं का? आणि ‘डिझॉल्व्ह होतो’ला काय?

ओळंबा
ताई, भाचा लवकर बरा होवो. मी बाणेरला साइटवर असतो. आमच्याकडे परांची म्हणतात, जुने मिस्त्री पहाड म्हणतात. पण परांची इमारतीच्या बाहेर उभी राहते, काम झालं की माणसं ती उतरवून पुढच्या साइटवर नेतात. स्लॅबखालचं सेंटरिंगही तसंच, ओतकाम पक्कं झालं की काढायचं. जे आत राहतं ती सळई आणि ती कायमची आत राहते. आत राहून नंतर आपोआप नाहीसं होणारं बांधकामात माझ्या माहितीत काहीच नाही. म्हणून परांची अर्धीच लागू पडते.

कोषकीटक
मी काही वर्षं प्रयोगशाळेत रेशमापासून असे तुकडे बनवत होते. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही रेशमावर असं काम झालेलं आहे. कोष सोड्याच्या पाण्यात उकळले की सेरिसिन नावाचा चिकट डिंक निघून जातो आणि फायब्रॉइन हे प्रथिन उरतं. त्याचं पाणी करायचं, गोठवायचं आणि निर्वातात सुकवायचं. बर्फाचे कण जिथे होते तिथे पोकळ्या राहतात. हातात घेतलं तर पावासारखं हलकं लागतं. (ते पाणी जास्त दिवस ठेवलं तर दह्यासारखं लागतं! आम्ही ‘आज रेशीम लागलं’ असंच म्हणायचो.)

सगळी किमया त्या पोकळ्यांत आहे. हाडाच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या त्यांतून आत शिरतात. त्यासाठी भोक निदान १०० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतं, ३०० च्या पुढे असेल तर चांगलं. आणि भोकं एकमेकांना जोडलेली हवीत. बंद बुडबुडे असतील तर पेशी पहिल्याच खोलीत अडकते, रक्त पोचत नाही आणि मधला भाग तसाच रिकामा राहतो.

चुलीपाशी
मग याला शब्द आहे की! अनारशाला जाळी पडते, घावनाला जाळी पडते. ‘जाळी’ म्हणा. घरातल्या कुठल्याही बाईला डोळ्यांसमोर उभं राहील.

कोषकीटक
अगदी! ‘आरपार जाळी’. इतकी वर्षं मी ‘सच्छिद्र संरचना’ लिहीत राहिले.

दंडान्वय
जाळी उत्तम. ‘सांगाडा’ काढाच. आता दुसरा प्रश्न. ‘विरघळणे’ मला इथे चुकीचं वाटतं. साखर चहात विरघळते, म्हणजे घातली आणि गेली. पाऊस जमिनीत जिरतो, अन्न पोटात जिरतं. ‘जिरणे’ संस्कृतातल्या जॄ धातूवरून आलं. जीर्ण, अजीर्ण त्याच घरातले. त्यात दोन्ही अर्थ आहेत, हळूहळू मुरत जाणं आणि शरीराने पचवून आपलंसं करणं. ‘जैवविघटनशील’मध्ये फक्त मोडणं आहे, पिशवी कचऱ्यात कुजावी तसं. घडण्याचा भाग त्यात येतच नाही.

थोडं विषयांतर. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितलेत, त्यांत एक ‘चूर्णित’. भिंगरीताई, तुम्ही सहज लिहिलेलं ‘चुरा झाला’ त्याचंच वंशज आहे.

पट्टीबंधन
मी अस्थिरोगात आहे. ‘जिरणे’ मला पटलं, कारण प्रत्यक्षात दोन्ही घडतं. काही भाग शरीरातल्या द्रवात उतरतो आणि काही भाग हाड खाणाऱ्या पेशी कुरतडून नेतात. त्याच पेशी आपलं जुनं हाडही रोज खात असतात आणि मागून दुसऱ्या पेशी नवं हाड रचत येतात. जाळीलाही त्या जुन्या हाडासारखंच वागवतात.

पण सरसकट ‘जिरणारी’ म्हणू नका. वेग फार वेगळे आहेत. साधं प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हाडाच्या पोकळीत भरायचा प्रयोग ड्रीसमन यांनी १८९२ मध्येच केला होता. ते काही आठवड्यांत जिरतं, पुष्कळदा हाड भरून यायच्या आत. कॅल्शियम फॉस्फेटचे पुन्हा प्रकार आहेत. त्यातल्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला बरेच महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. घट्ट भाजलेलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट हा दुसरा प्रकार वर्षानुवर्षं तसंच दिसतं. लॅरी हेंच या संशोधकाने १९६९ मध्ये फ्लोरिडात केलेली, हाडात भरायची खास काच तर आणखी वेगळी. तिच्या पृष्ठभागावर हाडातल्या खनिजासारखा थर चढतो आणि हाड थेट तिला चिकटतं. तिच्यासाठी ‘जिरणे’पेक्षा ‘धरणे’ महत्त्वाचं. म्हणून कुठलं द्रव्य आणि साधारण किती महिने, हे दोन्ही कागदावर यायला हवं.

आणखी एक विनंती. याला ‘सिमेंट’ म्हणू नका. सांधेबदलात वापरतात ते नेहमीचं बोन सिमेंट अ‍ॅक्रिलिकचं असतं, ते कायम राहतं, त्याचं हाड कधीच होत नाही. बाह्यरुग्ण विभागात रोज कुणीतरी विचारतं, “डॉक्टर, सिमेंट भरलंय ना, मग वजन टाकू?” जाळी भरल्यावर लगेच वजन टाकायचं नसतं. ती ठिसूळ असते, खडूसारखी. भार सळई किंवा पट्टी घेते. शब्द चुकला की माणूस पाय टेकतो. मी हे पाहिलंय.

ओळंबा
म्हणजे सळई ही परांची झाली आणि जाळी ही भिंतीतली जागा. आता माझ्या डोक्यात बसलं.

शनिवारवाला
‘जिरणे’ नको वाटतं. ‘त्याची चांगली जिरली’ असं आपण म्हणतो ना. रुग्णाला कसं वाटेल?

दंडान्वय
तिथे जिरते ती खोड किंवा घमेंड, आणि ते वाक्याच्या घडणीवरून कळतं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ राज्यभर भिंतींवर लिहिलं होतं, त्यात कुणाला अपमान वाटला नाही.

चुलीपाशी
‘जिरती जाळी’ की ‘जिरणारी जाळी’?

दंडान्वय
वाहती नदी, फिरती रंगभूमी, तशी ‘जिरती जाळी’ चालेल. पण संमतिपत्रात ‘जिरणारी’ ठेवा. घाबरलेला माणूस वाचणार आहे, त्याला अडखळायला नको.

भिंगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अनारशासारखी जाळी, असं पहिल्या दिवशी का नाही सांगितलं कुणी?” मी ऑपरेशनआधी तिथल्या समुपदेशकबाईंना एक मजकूर लिहून देणार आहे. त्यांनी घेतला तर ठीक, नाही तर निदान विचारात घेतील. जरा तपासून द्याल का?

“हाडातली फट भरून येण्यासाठी तुमच्या कमरेचं थोडं हाड आणि सोबत कॅल्शियम फॉस्फेटची जाळी भरली जाईल. या जाळीच्या भोकांतून तुमच्याच हाडाच्या पेशी आत जातात आणि नवं हाड तयार करतात. हाड वाढत जातं तशी जाळी शरीरात जिरते व नाहीशी होते. याला साधारण ___ महिने लागतात. डॉक्टर सांगेपर्यंत पायावर वजन देऊ नये. आतली जाळी भार घेऊ शकत नाही.”

पट्टीबंधन
शेवटचं वाक्य ठळक करा आणि सगळ्यात वर आणा. ‘तुमच्याच’ हा शब्द कुणी काढायला सांगितला तरी काढू नका.

दंडान्वय
‘व नाहीशी होते’ गाळा. ‘जिरते’मध्ये ते आलंय.